चिंधीटोली पेपरात नव्हती

हे मी रागात लिहिते आहे. राग शांत झाल्यावर लिहा, असं सून म्हणाली. पण राग शांत झाला की मी लिहिणार नाही, हे मला माहीत आहे. चौथी पास झाल्यापासून मी सलग पानभर कधी लिहिलं नव्हतं. लागलंच नाही.

माझं कामाचं सगळं आयुष्य चिंधीटोलीत गेलं. हे नाव कोणी ठरवून ठेवलं नव्हतं. रेल्वेच्या रुळापलीकडे एका सेठचं गोदाम होतं. तिथे शहरभराच्या चिंध्या यायच्या. शिंप्यांकडच्या कातरणी, लोकांचे जुने कपडे, दवाखान्यातल्या फाटक्या चादरी, मंडपवाल्यांची सडकी कापडं, सगळं गठ्ठ्यांत बांधून. आम्ही बायका बसून ते निवडायचो. पांढरं सुती एका ढिगात, रंगीत सुती दुसऱ्या, टेरीकॉट तिसऱ्या. पावशीवर, म्हणजे विळीवर, शिवणी कापायच्या, बटनं, हुक, चेन काढायच्या. पांढऱ्या चिंध्या छापखान्यांत आणि गॅरेजांत यंत्रं पुसायला जात. टेरीकॉटला कोणी विचारत नसे, ते भट्टीवाले जाळायला नेत. गोदामाच्या भोवती आमची घरं झाली आणि लोक वस्तीला चिंधीटोली म्हणायला लागले. आम्हीही म्हणायला लागलो. त्यात आम्हाला काही वाईट वाटलं नाही. चिंध्या होत्या, टोली होती.

आता तिथे कमान आहे आणि कमानीवर आनंदविहार लिहिलं आहे. सेठच्या पोरांनी गोदाम विकलं, घेणाऱ्याने त्या जागेवर इमारती उठवल्या आणि नाव दिलं. नंतर तेच नाव कॉर्पोरेशनच्या कागदावर चढलं. इमारती गोदामाच्या जागेवर आहेत. नाव मात्र सगळ्या वस्तीला लागलं, आमच्या कवेलूच्या घरांनाही. त्या नावाबद्दल आम्हाला कोणी विचारलं नाही. पण मी नुसत्या नावासाठी रागावले असते तर कधीचीच गप्प बसले असते. नावं बदलतातच.

माझा राग उमरेडवालीसाठी आहे.

गोदामात कोणाला खऱ्या नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. मुकादम पहिल्या दिवशी जे म्हणेल ते चिकटायचं. एक पारडीवाली होती, एक कामठीवाली, एक चष्मेवाली. मला चौथीवाली म्हणत, कारण गठ्ठ्यावरची चिठ्ठी वाचता येणारी मी एकटीच होते. ती उमरेडहून लग्न करून आली म्हणून उमरेडवाली. तिचं खरं नाव मी कधी विचारलं नाही, तिने माझं विचारलं नाही. तीस-बत्तीस वर्षं आम्ही एका पोत्यावर शेजारी बसलो.

ती विणकराची पोर. बापाचा माग होता, तिचं बालपण सुताच्या लडींत गेलेलं. ती कापड डोळ्यांनी बघत नसे. दोन बोटांत धरायची, चोळायची आणि फेकायची, बरोबर ढिगात. आम्ही सगळ्या मिळून जेवढं निवडायचो तेवढं ती एकटी निवडायची, आणि निवडता निवडता मुकादमाची नक्कलही करायची. एखादं कापड असं यायचं की तिलाही कळत नसे. मग ती त्यातून एक दोरा ओढायची आणि काडी लावायची. दोऱ्याची भुरभुरीत राख झाली तर सुती. वितळून काळी गोळी झाली तर टेरीकॉट. त्या गोळीला ती हात लावू द्यायची नाही. म्हणायची, चामडीले चिपकली तर चामडी घेऊनच निघते.

आमच्यातली पहिली बाई गेली तेव्हा तिच्या घरच्यांनी तिला चमचमती नवी साडी नेसवली होती. नवऱ्याने हौसेने आणलेली. घाटावर बायका जात नव्हत्या, पण काय झालं असेल ते आम्हाला सांगायला नको होतं. आम्ही रोज दोरे जाळत होतो. त्या दिवशी गोदामात कोणी जेवलं नाही. उमरेडवाली डबा बंद करून म्हणाली, "मले असल्या कापडात जाळाल तर मी परत येईन वं. सांगून ठेवते."

तेव्हापासून आमचा रिवाज पडला. आमच्यातली एक गेली की बाकीच्यांनी मिळून तिच्यासाठी सुती लुगडं न्यायचं. ते तिच्या माहेरचं म्हणून. आमच्यातल्या निम्म्या बायकांना माहेर राहिलंच नव्हतं. उमरेडवालीच्या भावाने माग विकला आणि तो कुठे गेला ते तिलाही माहीत नव्हतं. तर माहेर आम्हीच. लुगड्याच्या पदरातून उमरेडवाली दोरा ओढायची, जाळायची, राख बोटांत चोळून बघायची आणि मान हलवायची. मग आम्ही सगळ्या मिळून चारी कडांना धरून ते मेलेल्या बाईवर पसरायचो. आमच्यात दोघी बौद्ध होत्या, त्यांच्याकडे पांढरं सुती. दोरा त्याचाही जाळायचा. घरचे लोक आमच्याकडे बघत राहायचे. एकदा एका सासऱ्याने विचारलं, हे काय चालवलं आहे? पारडीवालीने त्याला सांगितलं, आमचं खातं आहे, तुमचं नाही.

गोदाम बंद झाल्यावर सगळ्या पांगल्या. कोणी पोराकडे, कोणी पोरीकडे, एक हिंगण्याकडे गेली. मी नंदनवनला मुलाकडे आले. चिंधीटोलीत एकटी उमरेडवाली राहिली, कारण तिच्या पोराने तिथेच घर पक्कं बांधलं. मी निघताना तिने मला आपल्या वेळेला घालायला म्हणून एक लुगडं दिलं. हिरवं, तांबड्या काठाचं, उमरेडकडच्या मागावरचं, तिने स्वतः निवडलेलं. आपल्या घरी ठेवलं तर सून कापून पडदे करेल, असं म्हणाली. दोरा तिने आधीच जाळून बघितला होता. पदराच्या टोकाला त्याची खूण होती. ते लुगडं माझ्या पेटीत आलं.

कोण गेलं ते कळणार कसं, तर पेपरातून. मी चौथीवाली, म्हणून ते काम माझ्याकडे. रोज सकाळी निधनवार्ता वाचायच्या आणि कोणी आपली असेल तर बाकीच्यांना फोन करायचा. एकमेकींची खरी नावं आम्हाला धड माहीत नव्हती, त्यामुळे मी आधी वस्तीचं नाव बघायची. पारडी आहे का, कामठी आहे का, चिंधीटोली आहे का. वस्ती जुळली की मग खाली नवरा कोण, पोरं किती ते वाचायचं. असं करून मी आमच्या चौघींना पोचतं केलं. एकीलाही चुकले नाही. याची मला घमेंड होती, हे कबूल करते.

आता माझी स्वतःची चूक सांगते. ती लपवली तर बाकी लिहिण्याला अर्थ नाही.

मी दर महिन्या-दोन महिन्यांनी उमरेडवालीकडे जायची. तिला ऐकू कमी यायचं, फोन तिच्या कामाचा नव्हता. दोन वर्षांमागे गेले तेव्हा तिने दारात बसून मला सांगितलं, "आता आमच्याकडे आनंदविहार म्हणतात वं. नातीनं माह्याकडून पाठ करून घेतलं."

मी हसले. फार हसले. म्हटलं, "चिंध्या कापून हात फाटले, आन आता विहारात राहून राहिली का? तिथे झोपाळा बी टांगला असेल."

ती हसली नाही. म्हणाली, "तू हस. पण ध्यानात ठेव. पोरगं सगळीकडे तेच लिहून राहिलं."

तिने मला तेव्हाच सांगितलं होतं. ध्यानात ठेव, असं शब्दांत सांगितलं होतं. बहिरी होती, पण डोकं शाबूत होतं. आपल्या मरणाची बातमी कोणत्या नावाने येईल हे तिने मला दोन वर्षं आधी सांगितलं, आणि मी झोपाळ्याची मस्करी केली. ते नाव मी डोक्यात ठेवलं नाही, कारण मला त्या नावाची चीड होती. चीड असलेली गोष्ट ध्यानात ठेवायची नसते, असं मी का धरून चालले ते मला आजही कळत नाही.

यंदा होळीच्या आधीची गोष्ट. मी नेहमीप्रमाणे पेपर घेऊन बसले. वरून चौथी बातमी. आनंदविहार येथील रहिवासी श्रीमती अमुक अमुक यांचे अल्पशा आजाराने निधन. मी तेवढंच वाचलं. मनात आलं, विहारवाल्या बाईकडे काय, दारात गाड्यांची रांग लागेल. आणि खालच्या बातमीवर गेले. पान उलटलं. भाजी निवडली. त्या बातमीत पुढे लिहिलं होतं की अंत्ययात्रा सकाळी अकराला राहत्या घरून निघेल. अकराला मी गॅलरीत बसून पायाची नखं कापत होते. उमरेडवालीला तेव्हा उचलत होते.

पाचव्या दिवशी मी तिच्याकडे निघाले, नेहमीसारखी. पिशवीत तिच्यासाठी कच्चा चिवडा आणि दोन संत्री होती. ऑटोवाल्याला म्हटलं, चिंधीटोली. त्याने मोबाइलमध्ये बघितलं आणि असं काही नाही म्हणाला. चाळिशीचा माणूस होता. मी म्हटलं, मोबाइल खिशात ठेव आणि मी सांगते तिकडे वळव. कमानीशी पोचल्यावर तो म्हणाला, आजी, हे तर आनंदविहार आहे, आधी बोलायचं ना. मी त्याला फटकारलं. त्याचा बिचाऱ्याचा दोष नव्हता.

दार उघडं होतं. समोरच्या खुर्चीवर तिचा फोटो होता आणि फोटोला हार होता. माझ्या हातातली पिशवी मी खाली ठेवली. कुठे ठेवली ते आठवत नाही, नंतर तिच्या सुनेने आणून दिली.

तिची सून मला ओळखत होती. पाणी दिलं. सगळं तिनेच सांगितलं. छातीत कफ झाला, धंतोलीच्या एका दवाखान्यात दोन दिवस होत्या, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेल्या. पंधरा-वीस माणसं होती, पोराच्या ऑफिसातली जास्त. बाया? बाया शेजारच्या दोन-तीन. तेवढ्यात पोरगा आतून आला. हा पोरगा मी गोदामाच्या दाराशी पोत्यावर झोपलेला बघितला आहे. आता एका ऑफिसात बाबू आहे, केस रंगवतो.

मी त्याला विचारलं, आम्हाला का नाही सांगितलं. तो म्हणाला की नंबर नव्हते, म्हणून पेपरात दिलं होतं. तुम्ही वाचता हे आई सांगायची. आणि कपाटातून कापलेलं कात्रण आणून माझ्या हातात दिलं. वरून चौथी बातमी. मी ती आता शेवटपर्यंत वाचली. ते जे श्रीमती अमुक होतं, ते उमरेडवालीचं नाव होतं. चांगलं नाव होतं. तीस वर्षं शेजारी बसून मी ते त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचलं.

मी म्हटलं, "चिंधीटोली काहून नाही लिहिलं?"

तो म्हणाला, "मावशी, चिंधीटोली नावाचं आता काही राहिलंच नाही ना. कागदावर कुठं नाही."

"कागदाले कोण विचारून राहिलं? तुही आई ज्यांच्यात बसली त्या बाया तेच नाव ओळखतात."

तो आवाज उतरवून म्हणाला, "पोरीचं जमून राहिलं. ते लोक बी पेपर वाचतात."

निदान खरं बोलला. पोरीला बघायला आलेल्या लोकांना चिंधी हा शब्द दिसू नये, म्हणून आईच्या शेवटच्या बातमीतून त्याने आईची वस्ती काढली. मी त्याला आणखी काही विचारलं नाही. नेसवलं काय होतं, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं आणि मी विचारलं नाही. उत्तर मला नको होतं. मी एवढंच म्हटलं की तेरवीला आम्ही येऊ, आणि निघाले.

घरी येऊन फोन केले. पारडीवालीला, कामठीवालीला, हिंगण्याच्या तिला, चष्मेवालीला. प्रत्येकीने आधी एकच विचारलं, लुगडं घातलं का? मी नाही म्हटलं. कामठीवाली माझ्यावर ओरडली. तू वाचत होती ना, मग काय वाचत होती? मी ऐकून घेतलं. तिने फोन आपटला आणि दहा मिनिटांनी परत करून विचारलं की तेरवी किती वाजता.

तेरवीला आम्ही पाच जणी गेलो. कामठीवालीला तिच्या नातवाने गाडीतून सोडलं, पारडीवाली काठी टेकत आली. मी पेटीतून ते हिरवं लुगडं काढून नेलं होतं. का नेलं ते मला ठाऊक नव्हतं. लुगडं माणसावर घालायचं असतं, फोटोवर नाही. पण घरी ठेवून जाववेना.

मंडपात पोराच्या ऑफिसचे लोक जेवत होते. एका बाजूला खुर्च्यांवर पोरीच्या होणाऱ्या सासरची माणसं होती, नवऱ्यामुलाचे आई-बाप आणि म्हातारा आजोबा. पोरगा आम्हाला बघून पुढे आला आणि आतल्या खोलीत चला म्हणाला. आतच बसायला सांगत होता. पारडीवाली म्हणाली, आम्ही बाहेरच ठीक आहो. आणि आम्ही फोटोसमोर सतरंजीवर बसलो, गोदामात बसायचो तशाच, ओळीने.

तो आजोबा बराच वेळ आमच्याकडे बघत होता. मग त्याने सरळ विचारलं, तुम्ही कुठल्या? पोरगा मध्ये बोलायला लागला, आईच्या ओळखीच्या आहेत, जुन्या. मी त्याला बोलू दिलं नाही. म्हटलं, आम्ही चिंधीटोलीच्या. गोदामातल्या. चिंध्या निवडायचो.

म्हातारा मान हलवत म्हणाला, "हां, चिंधीटोली. आम्ही रुळाच्या अलीकडेच राहत होतो ना. हेच ते. पाहायला आलो तेव्हाच ओळखलं होतं."

झालं. एवढंच. तो पुन्हा बुंदी खायला लागला. ज्यांच्यापासून लपवायचं होतं त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. उमरेडवाली ज्यासाठी एकटी गेली ती गोष्ट त्या म्हाताऱ्याला बुंदीएवढीही मोठी नव्हती. तिथे मला खरा राग आला. त्याआधीचा राग म्हणजे काहीच नव्हता.

मी उठून उमरेडवालीच्या सुनेकडे गेले आणि जे आठ दिवस विचारलं नव्हतं ते विचारलं. तिने बिचारीने लपवलं नाही. चांगली साडी होती मावशी, म्हणाली, दुकानातून एका पॅटर्नच्या दोन आणल्या होत्या. एक आईंना नेसवली, दुसरी नणंदेला द्यायला ठेवली आहे. दाखव म्हटलं तर आतून घेऊन आली. जांभळी, झुळझुळीत, प्लास्टिकच्या पिशवीत. मला हात लावायची गरज नव्हती. पाचही जणींना लांबूनच कळलं. चष्मेवालीने तर चष्मा काढून मांडीवर ठेवला.

मी त्या साडीच्या पदरातून एक दोरा ओढला. पोरगा आता जवळ येऊन उभा राहिला होता. फोटोसमोर दिवा होता, त्यावर दोरा धरला. तो पेटला नाही, आकसला, त्याला घाण वास आला आणि टोकाला काळी गोळी झाली. ती मी दिव्याशेजारच्या वाटीच्या काठावर थंड होऊ दिली. मग पोराचा हात ओढला आणि त्याच्या तळहातावर ठेवली. गहू असतो ना, त्याच्या अर्ध्याएवढी.

"हे तुह्या आईच्या अंगावर होतं," मी म्हटलं. "नुसता एक दोरा नाही. पूर्ण साडी."

त्याला कळलं. गोदामाच्या दारात वाढलेला पोरगा, त्याला कसं कळणार नाही. तोंड पांढरं झालं. म्हणाला, "मावशी, मले सुचलं नाही. आई गेली होती, मी काय..."

"तुले सुचणार नव्हतंच. म्हणून तर आम्ही पाहिजे होतो."

तो ती गोळी हातात घेऊन उभा राहिला. टाकताही येईना त्याला. लोक बघत होते. नवऱ्यामुलाची आई उठून जवळ आली आणि काय झालं विचारायला लागली. कोणी तिला सांगितलं नाही. त्याची बायको रडायला लागली, तिच्यासाठी मला वाईट वाटलं, पण तिची समजूत घालत बसायची माझी तयारी नव्हती. कामठीवालीने तिला जवळ घेतलं. कामठीवाली माझ्यापेक्षा चांगली बाई आहे.

मग लुगड्याचा प्रश्न आला. पोरगा म्हणाला, फोटोला पांघरू. नाही म्हटलं. मग म्हणाला, कन्हानला नेऊन नदीत सोडू, मी सुट्टी टाकतो. त्याला काहीतरी करायचं होतं, हे मला दिसत होतं. ते त्याला करू द्यावं असं पारडीवालीचं मत होतं. मी दिलं नाही. चांगलं सुती लुगडं पाण्यात टाकायला उमरेडवालीने निवडलं नव्हतं. त्याचं मन हलकं व्हावं म्हणून तर नाहीच. मी ते घडी करून परत पिशवीत घातलं. आम्ही जेवलो. तेरवीचं जेवण नाही म्हणायचं नसतं. जेवण चांगलं होतं.

पोरीचं लग्न त्याच घरी ठरलं, मे महिन्यात झालं. मला पत्रिका आली. पत्त्यात आनंदविहार होतं आणि त्याखाली बारीक अक्षरांत, जुनी चिंधीटोली, असं छापलं होतं. माझी सून म्हणाली, बघा आई, त्याला पटलं. मी म्हटलं, लग्नाच्या पत्रिकेत आता काय करायचं आहे. मी लग्नाला गेले नाही. पत्रिका ठेवली नाही.

त्यानंतर मी एक वही केली. आमच्यातल्या ज्या उरल्या आहेत त्यांना फोन करून एकेकीला विचारलं, तुझं कागदावरचं नाव काय, आणि तुझ्या वस्तीचं कागदावरचं नाव काय. याला महिना लागला. पारडीवालीला स्वतःच्या वस्तीचं सरकारी नाव माहीतच नव्हतं, तिने नातसुनेकडून रेशनकार्ड वाचून घेतलं आणि तिथे निघालं काहीतरी लक्ष्मीनारायण का सत्यनारायण ले-आऊट. ती म्हणाली, हे माझं घर नव्हे, कार्ड चुकलं आहे. मी म्हटलं, तेच लिहितील तुझ्या बातमीत, सांग बरोबर. चष्मेवालीच्या वस्तीला तीन नावं निघाली. तिन्ही लिहून घेतली. हिंगण्याची म्हणाली, आता एवढं सगळं तू ध्यानात ठेवशील का? मी म्हटलं, ध्यानात नाही ठेवत, म्हणून तर लिहून राहिले.

वहीत एका बाजूला आम्ही म्हणतो ते आहे आणि दुसऱ्या बाजूला कागद म्हणतो ते. मी रोज सकाळी ती उघडून पेपराशेजारी ठेवते आणि निधनवार्तेतली प्रत्येक ओळ वाचते. लेकीसुना, नातवंडं, अंत्ययात्रेची वेळ, सगळं. अर्धा तास जातो. नातू विचारतो, आजी, कोणाला शोधतेस? मी त्याला सांगत नाही. उमरेडवालीचं नाव वहीत घातलं नाही. तिला आता शोधायचं नाही.

स्वतःच्या नावाचं पान मी शेवटी लिहिलं. माझा मुलगा म्हणाला, आई, आपलं सोपं आहे. कागदावर नंदनवन आणि म्हणतात पण नंदनवन. मी त्याला सांगितलं की माझ्या बातमीत चिंधीटोलीची चौथीवाली असं आलं पाहिजे, नावाच्याही आधी. तो म्हणाला, पेपरवाले असं छापत नाहीत, त्यांचा एक नमुना असतो. मी म्हटलं, तिथे जाऊन भांड. तुझ्या आईसाठी एकदा भांडायला काय होतं?

ते पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे, बायकांच्या फोन नंबरांसकट. खाली पेटी आहे. पेटीत वरच हिरवं लुगडं आहे, ज्या कोणाची पुढची पाळी तिचं. त्यावर मी काडीपेटी ठेवली आहे. सून म्हणते, याचा दोरा एकदा जाळून बघितलेला आहे ना, मग काडीपेटी कशाला? मी सांगितलं, पुन्हा जाळायचा. आणि जाळताना जी गेली तिच्या पोराला समोर उभं करायचं.